मुलगी अमेरिकेत एपिस्कोपल चर्चला जाते, नातवाचा बाप्तिस्मा तिथेच ठरलाय, आम्ही सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) तिथे चालतो का?

सातरस्ता_आजी (सोलापूर):

सर्वांना सलाम. भाच्याने खातं उघडून दिलंय पण टाईप मीच करतेय, चुका असतील तर समजून घ्या.

आम्ही सोलापूरचे, सासऱ्यांच्या वडिलांपासून इथल्याच मंडळीत. माझं दृढीकरण (कन्फर्मेशन), लग्न, दोन्ही पोरांचे बाप्तिस्मे सगळं एकाच चर्चमध्ये झालं. यजमान मिलमधून रिटायर झाले, मी नर्स होते.

मुलगी-जावई पेनसिल्वेनियात आहेत, चार वर्षं झाली. आधी ते एका मोठ्या चर्चला जायचे, स्टेजवर बँड, पडद्यावर गाणी, हजार माणूस, पण वर्षभरात एकानेही नाव विचारलं नाही म्हणे. मग दिवस गेलेले असताना ती घराजवळच्या एका लहान दगडी चर्चमध्ये सहज जाऊन बसली. साठ-सत्तर माणसं, बहुतेक वयस्कर. दुसऱ्याच रविवारी तिला नावाने हाक मारली, आणि बाळंतपणानंतर तीन आठवडे रोज कुणी ना कुणी दारात जेवण ठेवून गेलं, आम्ही इथे सोलापुरात बसून रडत होतो की पोरीजवळ कोणी नाही आणि तिकडे तिच्या घरी भांडी परत कुणाला करायची याचा हिशोब ठेवावा लागत होता. ते चर्च एपिस्कोपल. आता नातू पाच महिन्यांचा आहे, बाप्तिस्मा नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, ऑल सेंट्सला, म्हणजे सगळ्या संतांच्या सणाला. आम्ही दोघं सप्टेंबरमध्ये जातोय, सहा महिन्यांसाठी.

मुलगी म्हणते आई आपल्यासारखंच आहे सगळं. पण तिने फोटो पाठवले त्यात मेणबत्त्या, पांढरे झगे, लांब काठीवर क्रूस घेऊन पुढे चालणारी पोरं, वेदीवर हिरवं कापड. यजमान म्हणाले हे तर कॅथलिक दिसतंय. पाळक बाई आहेत, त्याचं आम्हाला काही नाही, आपल्याकडेही आहेत. पण आम्ही तिथे प्रभूभोजन घेऊ शकतो का? द्राक्षारस खरा असतो असं ऐकलंय, यजमानांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, मिलमध्ये असताना आजूबाजूची घरं त्यापायी मोडलेली बघितलीत त्यांनी. आणि माझं इंग्रजी म्हणजे दवाखान्यापुरतं, सहा महिने रविवारी नुसतं बाकावर बसून यायचं का? इथे मी महिला मंडळात आहे, कापणीच्या सणाचं सगळं आम्हीच बघतो, रिकामं बसायची सवय नाही.

कुणी असं चर्च आतून बघितलं असेल तर सांगा.


हुतात्मा_एक्सप्रेस:

आजी सलाम. मी रेल्वे लाईन्सचा, सध्या न्यू जर्सीत, ११ वर्षं एपिस्कोपल चर्चमध्येच आहे, आईबाबा दोनदा येऊन राहून गेले, त्यामुळे तुमचे सगळे प्रश्न आमच्या घरात होऊन गेलेत.

सगळ्यात आधी मोठी काळजी मिटवतो. आपली सीएनआय अँग्लिकन कम्युनियनची, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नातं असलेल्या जगभरच्या चर्चेसच्या संघाची सभासद आहे आणि एपिस्कोपल चर्चही, म्हणजे एकाच कुटुंबातली दोन घरं. तुमचा बाप्तिस्मा, दृढीकरण तिथे जसंच्या तसं धरलं जातं, कुणी पुन्हा काही करायला सांगणार नाही. मुलीला तिथे कायमचं सभासद व्हायचं असेल तर तुमच्या पाळकसाहेबांकडून तिच्या बाप्तिस्मा-दृढीकरणाचं पत्र मात्र घेऊन जा, तिकडे रजिस्टरमध्ये नीट नोंद होते आणि नंतर इथून पत्र मागवत बसण्यापेक्षा ते बरं.

प्रभूभोजन बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही. वेदीपुढे कठडा असतो, तिथे गुडघे टेकायचे (गुडघे दुखत असतील तर उभं राहिलं तरी चालतं, निम्मे उभेच असतात), उजवा तळहात डाव्यावर ठेवून पुढे करायचा, पाळक भाकर हातावर ठेवतात. मग प्याला येतो. आपल्याकडे मनुक्याचा रस छोट्या छोट्या काचेच्या ग्लासात मिळतो, तिथे एकच प्याला सगळ्यांना आणि त्यात खरी वाईन, हे तुम्ही ऐकलंय ते बरोबर आहे. पण काकांना सांगा, नुसती भाकर घेतली तरी प्रभूभोजन पूर्ण झालं असंच ते चर्च मानतं, अर्धं राहिलं असं नाही. भाकर खाऊन झाली की दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे, प्यालेवाला पुढे सरकतो, कारण विचारत नाही. माझ्या बाबांनी तरुणपणी शपथ घेतलेली, पाच महिने त्यांनी असंच केलं. दारू सोडलेली माणसं तिथे प्रत्येक मंडळीत असतात आणि तीही तसंच करतात, बाबांना ते कळल्यावर त्यांचा संकोच गेला.

झगे-मेणबत्त्यांचं म्हणाल तर डोळ्यांना कॅथलिक वाटेल, पण कानांना सगळं ओळखीचं आहे. सुरुवातीला गीत, मग जुना करार, स्तोत्र, पत्रातला भाग, आणि शुभवर्तमान वाचायला पाळक किंवा डीकन (पाळकांचे दीक्षित मदतनीस) खाली उतरून मंडळीच्या मधोमध येतात, सगळे त्यांच्याकडे तोंड करून उभे राहतात. हा क्षण मला अजून दर रविवारी आवडतो. मग उपदेश, तो छोटा, पंधरा मिनिटांत संपतो, बाबांना ते फार खटकायचं, त्यांच्या मते चाळीस मिनिटांखाली उपदेशच नाही. मग निकीयाचा मतांगीकार (आपल्या विश्वासाची कबुली), मंडळीच्या प्रार्थना, पापांगीकार, आणि मग शांतीची भेट, तिथे सगळे जागा सोडून हात मिळवत फिरतात, त्यात तुमचं इंग्रजी लागत नाही, हसू लागतं. शेवटी प्रभूभोजन. प्रभूची प्रार्थना तुम्ही मराठीत म्हणा मोठ्याने, लय तीच पडते. माझी आई म्हणायची, बाजूच्या बाईने तिला नंतर विचारलं की तू कुठल्या भाषेत म्हणालीस, मला ऐकायला आवडलं.

काही ठिकाणी लाल किंवा काळं जाड प्रार्थनापुस्तक बाकावरच असतं, १९७९ चं, पण आता बहुतेक मंडळ्या सगळं छापील पत्रकात देतात, कधी उभं कधी बसायचं तेही त्यात.

उपासना झाल्यावर घरी पळू नका. खाली हॉलमध्ये कॉफी असते आणि खरी मंडळी तिथे भेटते. कधी सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायचा असतो. तुम्ही शेंगाचटणी न्याल हे मला माहीत आहे, नक्की न्या, पण भांड्यावर शेंगदाणा आहे म्हणून मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा, तिकडे लहान पोरांना शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतेल इतकी असते. कडक भाकरी मात्र बिनधास्त न्या, आमच्याकडे त्यांना ती चीजबरोबर फार आवडली.


पेटीवाले_काका:

वरच्या मुलाने छान लिहिलंय. यजमानांना "कॅथलिक दिसतंय" वाटलं त्यावर थोडं सांगतो, कारण यात आपल्या सोलापूरची गोष्ट आहे.

एपिस्कोपल हा शब्द ग्रीक एपिस्कोपोसवरून आला, आपल्या मराठी बायबलमध्ये तिमथ्याच्या पत्रात "अध्यक्ष" म्हणून जो शब्द आहे तोच, म्हणजे बिशप. ज्या मंडळीत बिशप आहेत ती एपिस्कोपल. हे लोक मुळात चर्च ऑफ इंग्लंडचे. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा त्यांची पंचाईत अशी झाली की स्वतःचा बिशप नाही आणि इंग्लंडमध्ये बिशप व्हायचं तर राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागणार, जी आता घेता येत नाही. मग सॅम्युअल सीबरी नावाचे पाळक स्कॉटलंडला गेले आणि १४ नोव्हेंबर १७८४ ला ॲबरडीनमध्ये तिथल्या बिशपांनी त्यांच्यावर हात ठेवले, म्हणजे त्यांना बिशप केलं. पुढे १७८९ मध्ये चर्चची घटना आणि अमेरिकन प्रार्थनापुस्तक फिलाडेल्फियात मंजूर झालं, म्हणजे तुमच्या मुलीच्याच राज्यात.

आता आपलं बघा. सोलापुरात काम केलं ते अमेरिकन मराठी मिशनने, ज्यांची पहिली माणसं १८१३ ला मुंबईत उतरली. ते काँग्रिगेशनल, म्हणजे बिशप नकोच म्हणणारे, मंडळीनेच बसून ठरवायचं, पाळकही मंडळीनेच बोलवायचा. माझे आजोबा त्या वळणाचे, साधी भिंत, साधं टेबल, तोंडी प्रार्थना. १९२४ मध्ये हे सगळे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेले आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झाली, त्यात अँग्लिकनही होते. तेव्हा आपल्याला बिशप मिळाले. माझ्या लहानपणी घरात यावर फार वाद झाले, आजोबांना वाटायचं आपलं काहीतरी हातातून गेलं.

म्हणून तुम्हाला एक गंमत नाही पण मनाला लागणारी गोष्ट सांगतो. माझ्या मेहुण्यांकडे गेलो तेव्हा मी एका एपिस्कोपल मंडळीची वार्षिक सभा पाहिली, जानेवारीत असते. मंडळीने निवडलेली कमिटी असते, तिला व्हेस्ट्री म्हणतात, दोन वॉर्डन म्हणजे तिचे प्रमुख, पैशाचा सगळा हिशोब छापून प्रत्येकाच्या हातात, छपराला किती लागले, हीटिंगला किती लागले, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाळक गेले की नवीन पाळक ही व्हेस्ट्री शोधते, मुलाखती घेते, बोलावते, बिशपांची संमती असते पण बदलीचा कागद वरून येत नाही. आपल्याकडे बदली बिशपांकडून होते. मी तिथे मागच्या बाकावर बसून आजोबांची मंडळी बघत होतो, झगे आणि मेणबत्त्यांसकट. बिशपही आहेत आणि मंडळीचा शब्दही आहे. आजोबांना हे दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं असं फार वाटलं.

अजून एक. त्यांच्या स्मरणदिनांच्या यादीत पंडिता रमाबाईंचं नाव आहे, ५ एप्रिल, त्या गेल्या तो दिवस. आपण पुण्याला जाताना ज्या केडगाववरून गाडी जाते तिथल्या मुक्ती मिशनच्या रमाबाई. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियात आल्या होत्या. यजमानांना सांगा, त्या मुलुखात मराठी बाई पहिल्यांदा पाऊल ठेवत नाहीये.


होटगी_रोड:

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मी एक सांगतो, भांडण म्हणून नाही. एपिस्कोपल चर्चने २०१५ मध्ये दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाला मान्यता दिलीय, चर्चमध्ये लागतात अशी लग्नं. आपल्या सीएनआयमध्ये तसं नाही आणि आपल्यातल्या बहुतेकांना ते पटत नाही, मलाही पटत नाही. जगभरच्या अँग्लिकन लोकांमध्ये यावरून मोठी फूट पडत आलीय. आजी, तुम्ही जाण्याआधी हे माहीत असावं, नाहीतर कॉफीच्या वेळी अचानक कळलं तर धक्का बसेल. नातू तिथे वाढणार, हा विचार घरात बसून करा.


हुतात्मा_एक्सप्रेस:

दादा, हे आधीच सांगायला हवं होतं, मी राहून गेलो, तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. माहिती खरी आहे. माझ्या मंडळीत असं एक जोडपं आहे, दोघेही साठीच्या पुढचे. माझ्या बाबांनाही पटलं नाही, परत जाईपर्यंत पटलं नाही, पण त्यांना शिंगल्स (नागीण) झाला तेव्हा रोज औषध आणि सूप घेऊन येणारे त्यातलेच एक होते आणि बाबा त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करायचे, अजून करतात. एकाच कठड्याला वेगवेगळ्या मताची माणसं गुडघे टेकतात, कुणी कुणाला तू आधी हे कबूल कर मग ये म्हणत नाही. यापुढे मी काही पटवून देणार नाही, ज्याने त्याने बघावं.


सातरस्ता_आजी:

सगळ्यांचे आभार. यजमानांना सगळं वाचून दाखवलं. छातीवर हात आडवे धरायचं त्यांनी दोनदा करून बघितलं. काकांनी लिहिलेलं आजोबांचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते, त्यांच्या वडिलांचंही तसंच होतं म्हणाले. होटगी रोडवाल्या भावांनो, राग नाही, मुलीशी फोनवर बोलले मी. ती म्हणाली आई तिथल्या कुणाच्या घरात काय आहे ते मला माहीत आहे आणि माझ्या घरात भांडी कुणी आणली तेही माहीत आहे. आम्ही दोघं प्रार्थना करून जाऊ.

बाप्तिस्म्यात काय काय करतात ते कुणी सांगाल का? मुलगी म्हणाली तू गॉडमदर (बाळाची धर्ममाता) हो. मी आजी, मला चालतं का ते? आणि मघाशी विचारलेलं परत विचारते, मी तिथे करू काय?


इस्त्रीवाली_मावशी:

आजी, गॉडमदर व्हायला तुमचा बाप्तिस्मा झालेला असला की पुरे, आजी असलात तरी चालतं. पुढे उभं राहून आईबापाबरोबर तुम्ही उत्तरं द्यायची, सैतानाला आणि पापाला नाकारता का, ख्रिस्ताकडे वळता का. उत्तरं छापलेली असतात, मुलीकडून आधी मागवून सात-आठ वेळा वाचा, दवाखान्याचं इंग्रजी पुष्कळ झालं. मग पाळक सगळ्या मंडळीकडे वळून विचारतात की या बाळाच्या ख्रिस्तातल्या जीवनाला आधार द्यायला जे जे होईल ते तुम्ही कराल का, आणि सगळे एकदम हो म्हणतात. ज्या साठ-सत्तर लोकांनी मुलीला तीन आठवडे जेवू घातलं ते तुमच्या नातवाचं नाव घेऊन हो म्हणतील, तेव्हा रुमाल जवळ ठेवा. पाणी तीनदा ओततात, मग बिशपांनी आशीर्वादित केलेल्या तेलाने कपाळावर क्रूस करतात की तू कायमचा ख्रिस्ताचा झालास, आणि मोठ्या पाश्कल (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून एक छोटी पेटवून हातात देतात. बाप्तिस्मा शक्यतो ऑल सेंट्स, ईस्टरची रात्र, पेंटेकॉस्ट अशा दिवशीच ठेवतात, म्हणून तुम्हाला नोव्हेंबरची तारीख दिलीय.

त्याच दिवशी अजून एक असतं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ऑल सेंट्सला पुष्कळ मंडळ्यांमध्ये गेलेल्या माणसांची नावं वाचतात. आपल्याकडे मृतांसाठी प्रार्थना करायची पद्धत नाही, मला आधी ते ऐकून कसंतरी झालं होतं, आपण आभार मानतो, आठवण करतो, तेवढंच. आठवडाभर आधी कागद ठेवतात, त्यावर नावं लिहायची. मी माझ्या मालकांचं नाव लिहिलं नाही पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षी लिहिलं. त्या पाळकबाईंनी आदल्या दिवशी मला फोन करून नाव कसं उच्चारायचं ते चार वेळा विचारून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी ओहायोतल्या त्या चर्चमध्ये अस्सल सोलापुरी आडनाव स्वच्छ ऐकू आलं. मी प्रार्थना म्हणून नाही ऐकलं, हजेरी म्हणून ऐकलं. तुमच्या सासू-सासऱ्यांची नावं लिहावीशी वाटली तर लिहा, नाही वाटली तर नका लिहू.

आता तुमचा दुसरा प्रश्न, काय करू. याच्यासाठीच मी हे एवढं टाईप करतेय.

मालक गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. मी भवानी पेठेतली, वडील मिलमध्ये फोल्डिंग खात्यात, आमच्या घरी कापड हाताला लावून सांगायचे की कुठल्या मापाचं सूत आहे. इंग्रजी मला तुमच्याहून कमी. चार महिने मी चर्चला जाऊन बसून आले. लोक चांगले होते, हसायचे, पण मी पाहुणी होते आणि पाहुणी म्हणून किती दिवस राहायचं. मग एका रविवारी उपासना संपल्यावर बाजूच्या खोलीत एक ऐंशी वर्षांची बाई प्याले पुसताना दिसली, तिच्या हातात छोटं पांढरं कापड होतं आणि ती ते चुकीच्या बाजूने घडी करत नव्हती पण तिचे हात थरथरत होते, घडी जुळत नव्हती. मी न बोलता हातातून घेतलं आणि घडी घातली. तिने बघितलं, दुसरं दिलं.

त्याला आल्टर गिल्ड म्हणतात. वेदीची तयारी करणारी माणसं, आपल्या महिला मंडळातल्या ज्या बायका शनिवारी येऊन चर्च झाडून फुलं लावतात ना, तसंच पण त्याला नियम आहेत. प्याला पुसायच्या कापडाला प्युरिफिकेटर म्हणतात, ते तीन भागांत आधी एकीकडून आणि मग दुसरीकडून घडी करायचं म्हणजे उलगडल्यावर नऊ चौकोन दिसतात, मधल्या चौकोनावर बारीक क्रूस भरलेला. त्याला वाईन आणि लिपस्टिक दोन्हीचे डाग पडतात. पहिल्यांदा गार पाण्यात खळबळायचं आणि ते पाणी मोरीत ओतायचं नाही, ते मातीला द्यायचं, कारण त्यात प्रभूभोजनाचा अंश असतो. काही चर्चमध्ये यासाठी एक वेगळं बेसिन असतं, त्याचा पाईप गटारात न जाता सरळ जमिनीत जातो, आमच्याकडे नाही म्हणून आम्ही बाहेर गुलाबाच्या आळ्यात ओततो. मग साधं धुणं. मग इस्त्री ओलं असतानाच, आधी उलट्या बाजूने, कारण लिनन एकदा वाळलं की कितीही पाणी शिंपडा ते हट्ट सोडत नाही. वेदीवरचं लांब कापड कधीच घडी करायचं नाही, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळायचं, घडीची रेघ वेदीवर दिसता कामा नये. ती बाई मला एक शब्दही शिकवू शकली नाही कारण मला कळलाच नसता, तिने हाताने दाखवलं आणि मला हे सगळं आधीच येत होतं, वडिलांनी शिकवलेलं, फक्त कशासाठी ते माहीत नव्हतं.

सहा वर्षं झाली. ती बाई दोन वर्षांपूर्वी गेली, तिच्या शवपेटीवर घालायचं पांढरं कापड मी इस्त्री केलं.

तर तुम्ही गेल्या गेल्या दुसऱ्याच रविवारी मुलीला सांगा की पाळकबाईंना विचार, माझ्या आईच्या हाताला काम हवंय. नर्स म्हटल्यावर तुम्हाला स्वच्छतेचं काही सांगावं लागणार नाही. आल्टर गिल्ड नको तर दुसरं पुष्कळ असतं, बऱ्याच मंडळ्यांमध्ये गरजूंना धान्य-डबे वाटायचा दिवस असतो, आजाऱ्यांना घरी भाकर नेऊन देतात, ऑक्टोबरमध्ये संत फ्रान्सिसच्या दिवसाला लोक कुत्री-मांजरं आशीर्वादाला आणतात तिथेही चार हात लागतात. पण बोलावतील म्हणून वाट बघू नका. ते लोक समोरच्याला त्रास नको म्हणून विचारत नाहीत, आणि आपण बोलावल्याशिवाय जायचं कसं म्हणून थांबतो, आणि दोघं कॉफी घेऊन उभे. माझे चार महिने असेच गेले.


सातरस्ता_आजी:

मावशी, तुमचं वाचून मी उठून कपाट उघडलं. वडिलांच्या नावाचं बोलत नाही आता, नाहीतर लिहिता येणार नाही.

एक विचारते. इथून बाप्तिस्म्यासाठी काही नेता येईल का, जे तिथे कामाला येईल? मला सोन्याचा क्रूस वगैरे नाही करायचा. चादर सुचवली यजमानांनी पण ती जाड.


इस्त्रीवाली_मावशी:

टॉवेल न्या. बाळाचं डोकं पुसायला पांढरा टॉवेल लागतोच आणि आपल्या सोलापूरच्या टेरी टॉवेलसारखा त्यांच्याकडे मिळत नाही. पूर्ण पांढरा घ्या, कडेला रंगीत पट्टी नको, हातभर लांबीचा पुरे, मोठा घेतला तर पाळकबाईंच्या हातात मावत नाही. एका कोपऱ्यात पांढऱ्याच दोऱ्याने छोटा क्रूस भरा, जास्त नक्षी नको. दोन घ्या, एक नातवाला ठेवा, एक चर्चला द्या, पुढच्या बाळांना होईल.

आणि कोरा नेऊ नका. कोऱ्याला खळ असते, पाणी शोषत नाही, बाळाच्या डोक्यावरून नुसतं ओघळत राहतं. जायच्या आधी तीन वेळा साध्या गरम पाण्याने धुवा, कंफर्ट वगैरे काही घालू नका, आणि उन्हात वाळवा, सोलापूरचं ऊन आहे तोवर वाळवून घ्या, तिकडे नोव्हेंबरात ऊन मिळत नाही.


सातरस्ता_आजी:

उद्याच आणते नवी पेठेतून. यजमान म्हणतात क्रूस मी भरतो, तुझे टाके मोठे पडतात.